निर्वासित कुटुंबाचे पहिले बारा महिने: गोव्यातील देवस्थान, चर्च आणि मशीद समित्यांसाठी मार्गदर्शक

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानचे काही महाजन (म्हणजे वंशपरंपरेने देवस्थानचे सभासद असलेले) आणि शेजारच्या चर्चचे काही भाविक अशा आमच्या मिश्र समितीने काबूलहून दिल्लीमार्गे आलेल्या पाच जणांच्या कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घेतली. पहिल्याच आठवड्यात तीन मिक्सर, दोन प्रेशर कुकर आणि साड्यांची चार गाठोडी जमा झाली, आणि सातव्या महिन्यात घरभाड्याला नऊ हजार रुपये कमी पडले. जत्रा असो वा फेस्त, पाच दिवसांचे काम आपल्या लोकांना डोळे झाकून जमते. मांडव, महाप्रसाद, वीज, पार्किंग, कशात काही उणे पडत नाही. निर्वासित कुटुंबाचे काम मात्र महिन्याच्या महिन्याला, फारसे कोणी पाहत नसताना करावे लागते आणि त्याची आपल्या समित्यांना सवय नसते. म्हणून या लेखात स्वागताविषयी थोडे आणि पुढच्या महिन्यांविषयी पुष्कळ लिहिले आहे.

बारा महिन्यांचा हिशेब आम्ही कॅनडाकडून घेतला. तिथे 1979 पासून चर्च, मशिदी आणि इतर धर्मसंस्था सरकारशी लेखी करार करून निर्वासित कुटुंबांचे प्रायोजकत्व घेतात आणि साधारण एका वर्षाचे भाडे, किराणा, कपडे व स्थिरावण्यासाठी लागणारी मदत देण्यास बांधील असतात. पहिला करार मेनोनाइट पंथाच्या मदत समितीने केला. 1979-80 मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस येथून सुमारे 60,000 निर्वासित कॅनडात आले, त्यांतील निम्म्याहून अधिक अशाच खासगी प्रायोजकांच्या आधाराने. इटलीत 2016 पासून सांत एजिदिओ समुदाय आणि प्रोटेस्टंट चर्च यांनी मिळून सरकारशी करार करून विमानाने सुरक्षितपणे माणसे आणली. भारतात असा कोणताही कार्यक्रम नाही. इथली समिती कोणालाही परदेशातून बोलावून घेऊ शकत नाही. कायदेशीर कागदपत्रांसह आधीच देशात असलेल्या कुटुंबाला गावात बस्तान बसवायला मदत करणे, एवढेच तिच्या हाती असते.

आधी कागद पाहावेत

भारताने 1951 चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार आणि 1967 चा त्याचा पूरक मसुदा स्वीकारलेला नाही, आणि निर्वासितांसाठी देशात स्वतंत्र कायदाही नाही. कायद्याच्या नजरेत निर्वासित हा परदेशी नागरिकच असतो. 1920, 1939 आणि 1946 चे जुने कायदे रद्द करून 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेला 2025 चा आप्रवासन व परदेशी नागरिक कायदाच त्यालाही लागू होतो. तथापि संविधानाचे 14 वे आणि 21 वे कलम ‘नागरिक’ न म्हणता ‘व्यक्ती’ म्हणते. चकमा निर्वासितांच्या 1996 मधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश अरुणाचल प्रदेश सरकारला दिला होता.

समोरच्या कुटुंबाकडे नेमका कोणता कागद आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. तिबेटी कुटुंबाकडे भारत सरकारचे नोंदणी प्रमाणपत्र असते आणि 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणामुळे त्यांना व्यापार-धंद्याची वाट बरीच मोकळी आहे. गोव्याला सर्वांत जवळची त्यांची मोठी वसाहत उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोड येथे आहे. श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची व्यवस्था प्रामुख्याने तमिळनाडूतील शिबिरांमध्ये आहे. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेश येथून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली अर्ज करता येतो. त्याचे नियम मार्च 2024 मध्ये निघाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्यातही या कायद्याखाली पहिले नागरिकत्व प्रमाणपत्र दिले गेले. यांच्यापैकी जे 31 डिसेंबर 2024 पर्यंत आले त्यांना वैध कागदपत्रांशिवाय प्रवेश केल्याबद्दलच्या कारवाईतून सूट आहे. तिला नागरिकत्व समजण्याची चूक बरेच जण करतात. उरलेल्यांकडे, म्हणजे मुख्यतः म्यानमारचे लोक आणि अफगाण मुसलमान यांच्याकडे, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे, म्हणजे यूएनएचसीआरचे, कार्ड असते. या संस्थेची भारतातील कार्यालये दिल्ली आणि चेन्नई येथे आहेत, गोव्यात नाही. पत्ता बदलला की तिला कळवावे लागते, आणि कार्डाच्या कामासाठी दिल्लीला जाण्याची वेळ येऊ शकते. वास्कोहून गोवा एक्सप्रेसने ती वाट दीड दिवसाहून जास्त आहे, म्हणून त्या फेरीचा खर्च अंदाजपत्रकात धरून ठेवावा.

ज्याच्याकडे काहीच कागद नाही त्याला गुपचूप ठेवून घेऊ नये. त्याला प्रथम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा या विषयातील वकिलाकडे न्यावे आणि त्यांच्या सल्ल्यानेच पुढे जावे. देऊळ ही धर्मशाळाच आहे, मग विचारायचे कशाला, असे आमच्या सभेत एका ज्येष्ठ महाजनांनी म्हटले होते. त्यांचा हेतू निर्मळ होता, पण देवस्थानच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या निवासात, परदेशी माणूस एक रात्र जरी राहिला तरी त्याची माहिती 24 तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी लागते. लोक तिला अजून ‘सी फॉर्म’ म्हणतात. हा नियम हॉटेलांइतकाच धर्मशाळा, अग्रशाळा, मठ आणि खासगी घरांनाही लागू आहे. शिवाय भाडेकरूची पोलीस पडताळणी असतेच. आम्ही कुटुंब येण्याच्या आठ दिवस आधी कागदांच्या प्रती घेऊन स्वतःच पोलीस ठाण्यात गेलो. पुढे गावातल्या कोणीतरी तक्रार केली तेव्हा हवालदार चौकशीला आले, तेही ओळखीच्या सुरात.

समिती, पैसा आणि परदेशातले नातलग

देवस्थानचा निधी मनाला येईल तसा वळवता येत नाही. गोव्यातील बहुतेक देवस्थाने पोर्तुगीज काळातील 1933 च्या नियमावलीनुसार चालतात, अंदाजपत्रक महाजनांच्या सभेत मांडावे लागते आणि मामलेदार हे देवस्थानांचे प्रशासक असतात. चर्चच्या निधीलाही त्याची स्वतःची शिस्त असते. म्हणून या कामासाठी वेगळा नोंदणीकृत ट्रस्ट किंवा आधीच नोंदणी असलेली एखादी सेवासंस्था निवडून तिच्या खात्यातून व्यवहार करावा आणि देवस्थान व चर्चने जागा, माणसे आणि आवाहन यांची बाजू सांभाळावी. आयकरातील 80-जी सवलत हवी असलेल्या देणगीदाराला 2,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख देता येणार नाही, हे पावतीपुस्तकावरच छापून टाकावे.

गोव्यात सर्वांत जपून पाऊल टाकण्याची जागा परदेशातून येणाऱ्या पैशाची आहे, कारण ज्याचे कोणी परदेशात नाही असे घर इथे शोधावे लागते. जहाजावर काम करणारा तारवटी किंवा आखातातला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडमधील स्विंडनला गेलेला शेजाऱ्याचा मुलगा कायद्याने परदेशी नागरिक आहे. त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी त्याने पाठवलेली रक्कम ही परकीय देणगीच असते आणि 2010 च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. अशा देणगीदाराला दुखावावे लागत नाही, नीट समजावून सांगावे लागते. आम्ही एका तरुणाचे पंधरा हजार रुपये परत केले तेव्हा त्याच्या आईने महिनाभर अबोला धरला होता.

खर्चाचा नमुना म्हणून पाच जणांच्या कुटुंबाचा हिशेब मांडतो; रक्कम तालुक्यानुसार बदलेल. भाडे 12,000, किराणा, दूध, भाजी व मासळी 13,000, वीज-पाणी-गॅस 2,500, प्रवास व फोन 3,000, औषधपाणी आणि शाळा 4,500, असे महिन्याचे 35,000 आणि वर्षाचे 4,20,000 रुपये होतात. त्यात दोन महिन्यांची अनामत 24,000, भांडीकुंडी व अंथरूण-पांघरूण 35,000 आणि दिल्लीची एक फेरी 15,000 मिळवावी, आणि अचानकच्या आजारपणासाठी 50,000 बाजूला ठेवावेत. एकूण आकडा 5,44,000 वर जातो. सहा महिन्यांचा खर्च आणि वरच्या सगळ्या एकवेळच्या रकमा, म्हणजे 3,34,000 रुपये, खात्यात जमा होईपर्यंत कोणत्याही कुटुंबाला शब्द देऊ नये. उरलेल्या महिन्यांसाठी एकरकमी मोठ्या देणगीदाराच्या मागे लागण्यापेक्षा दरमहा 1,000 रुपये देणारी 35 घरे शोधावीत आणि त्यांच्याकडून बँकेला कायमची सूचना लिहून घ्यावी. आमचे नऊ हजार कमी पडले ते याचमुळे: तोंडी कबूल केलेल्या घरांपैकी नऊ घरे पावसाळा सुरू होताच विसरली.

समिती सहा-सात जणांचीच असावी. एकाकडे कागदपत्रांची फाइल, एकाकडे हिशेब, एकाकडे शाळा, एकाकडे दवाखाना अशी वाटणी करावी, आणि निदान दोघी स्त्रिया असाव्यात ज्यांच्याशी घरातील बाई पुरुषांच्या गैरहजेरीत बोलू शकेल. सगळ्यांनीच रोज घरी डोकावत राहणे बंद करावे. पहिल्या महिन्यात आम्ही इतके जण चौकशीला जात होतो की ती बाई दिवसाला पाच वेळा चहा टाकत होती, आणि तिच्या किराण्यातली साखर पंधरा दिवसांत संपली.

गावाला विश्वासात घेताना

सभेत प्रश्न येतील, आणि ते यावेत. आमच्या मुलांना नोकऱ्या नाहीत, यांना कशाला. हे लोक पुढे कायमचे बसले तर. आपल्या धर्माचे असते तर गोष्ट वेगळी. शेवटचा प्रश्न मोठ्याने विचारला जात नाही, पण सभेतल्या अर्ध्या लोकांच्या मनात तोच असतो. अंत्रुज महालातल्या, म्हणजे आमच्या फोंडा भागातल्या, माणसाला मी एवढेच सांगतो, की सोळाव्या शतकात कुशस्थळीहून मंगेश, केळशीहून शांतादुर्गा आणि वेर्ण्याहून म्हाळसा नदी ओलांडून इकडे आली, तेव्हा देवाबरोबर माणसेही आली होती आणि प्रियोळ, कवळे, म्हार्दोळच्या लोकांनी त्यांना जागा दिली होती. ज्या घरांत 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेले किंवा 1990 मध्ये कुवेतहून केवळ अंगावरच्या कपड्यांनिशी परतलेले कोणी आहे, तिथे तर तेवढेही सांगावे लागत नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले होते, त्यांच्या स्वतःच्या शाळा आणि चर्चसह. ते उदाहरणही आपल्या लोकांना जवळचे वाटते. मात्र इतिहासावर सभा जिंकता येते, खर्चाचे आकडे मात्र दाखवावेच लागतात. किती महिने, किती रुपये, कोण जबाबदार, हे एका कागदावर लिहून सूचनाफलकावर लावावे.

धर्माचा प्रश्न करारातच निकाली काढावा. कुटुंब कोणत्या प्रार्थनेला जाते किंवा जात नाही याचा मदतीशी संबंध राहणार नाही, कोणी धर्मांतराचा विषय काढणार नाही आणि आरतीला किंवा चर्चमधील मीसला उपस्थित राहण्याची अपेक्षा ठेवणार नाही, हे कुटुंबाच्या भाषेत लिहून दोन्ही बाजूंनी सही करावी. आमच्याकडे हलाल मांस कुठे मिळते हे शोधण्याचे काम चर्चच्या एका आजोबांनी घेतले आणि फोंड्याच्या बाजारात ते स्वतः घेऊन गेले.

आमची सर्वांत मोठी चूक मात्र सत्काराची. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात आम्ही त्या कुटुंबाला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ दिले आणि फोटो फेसबुकवर टाकले. त्या बाईचा भाऊ अजून काबूलमध्ये होता. तिने हे आम्हाला सांगितले ते दोन दिवसांनी, फोटो दोनशे जणांनी पाहून झाल्यावर. तेव्हापासून आमचा नियम असा, की फोटो नाही, नाव नाही, देणगीदारांच्या अहवालातही ‘कुटुंब’ एवढाच उल्लेख.

घर, गॅस, शाळा, दवाखाना

घर बाजारपेठेपासून आणि बसथांब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावे. कुळागरातले, म्हणजे सुपारीच्या बागेतले, शांत घर आपल्याला सुंदर वाटते, नव्या माणसाला ते तुरुंगासारखे होते. भाडेकरार 11 महिन्यांचा करताना कुटुंबाचे नाव राहणारे म्हणून आणि संस्थेचे नाव जबाबदार म्हणून घालावे. यूएनएचसीआरच्या कार्डावर बँक खाते बहुधा उघडले जात नाही आणि आधारही सहसा मिळत नाही. म्हणून भाडे संस्थेच्या खात्यातून थेट घरमालकाला द्यावे आणि घरखर्चाची रक्कम महिन्याच्या एक तारखेला रोख, सही घेऊन द्यावी. किराणा आपण खरेदी करून देऊ नये. काय शिजवायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. गॅसचे कनेक्शन अडले तर पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो. स्वतःच्या नावावरचे सिमकार्ड देणाऱ्या स्वयंसेवकाने त्यावरील प्रत्येक कॉलची कायदेशीर जबाबदारी आपल्यावर राहते हे जाणून निर्णय घ्यावा.

शाळेसाठी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचा आधार आहे. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला तो नागरिकत्वाची अट घालत नाही. सरकारी प्राथमिक शाळांत पटसंख्या घटत असल्याने शिक्षक बहुधा आनंदाने दार उघडतात. आमच्याकडे अडचण आली ती जन्मतारखेची. तिन्ही मुलांच्या कार्डांवर वर्षे वेगवेगळी, पण तारीख 1 जानेवारीच. नेमकी तारीख माहीत नसली की निर्वासितांच्या कागदांवर हीच तारीख घातली जाते. लिपिक बाईंना वाटले की कागद बनावट आहेत. मुख्याध्यापकांना आम्ही हे आधी सांगितले असते तर मुलांना त्या दिवशी दारातून परत यावे लागले नसते. मुले दोन महिन्यांत मराठी आणि कोंकणी दोन्ही बोलू लागतात आणि मग घरातले दुभाषे होतात. त्यांना दवाखान्यात दुभाषा म्हणून कधीच नेऊ नये. आईच्या पोटदुखीचे किंवा बापाच्या रात्रीच्या ओरडण्याचे कारण दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून डॉक्टरांना कळू नये. फोनवरून दारी या अफगाण भाषेत बोलून देणारी व्यक्ती आम्ही दिल्लीतून शोधली आणि तिला तासाप्रमाणे मानधन दिले.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला गोव्यातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात बाहेरच्या रुग्णांना शुल्क पडते. वर बाजूला ठेवायला सांगितलेले पन्नास हजार यासाठीच आहेत. झोप न लागणे, चिडचिड, अंगदुखी ही लक्षणे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, सगळे सुरळीत झाल्यासारखे वाटत असतानाच वर येतात. बांबोळीतच मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे; तिथे नेण्यापूर्वी ‘वेड्यांचे इस्पितळ’ हा शब्द स्वयंसेवकांच्या तोंडून हद्दपार करावा.

सातव्या महिन्यापासून पुढे

इथून खरे काम सुरू होते. पहिल्या सहा महिन्यांत कुटुंब पाव देणाऱ्या पोदेराच्या भोंप्यावरून सकाळची वेळ ओळखायला शिकलेले असते, बसच्या कंडक्टरशी बोलू लागलेले असते, आणि समितीचा उत्साह ओसरलेला असतो. याच वेळी कामाचा प्रश्न समोर येतो. यूएनएचसीआरचे कार्ड म्हणजे कामाचा परवाना नव्हे. दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळाला तर खासगी नोकरी आणि उच्च शिक्षण दोन्ही शक्य होते. छळामुळे आलेल्या निर्वासितांना तो देण्याची कार्यपद्धती केंद्राने डिसेंबर 2011 मध्ये राज्यांना कळवलेली आहे. अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि पडताळणीला वेळ लागतो, म्हणून तो सातव्या महिन्यात न करता पहिल्याच महिन्यात वकिलाकडून करून घ्यावा. ओळखीच्या हॉटेलवाल्याकडे परवान्याशिवाय कामाला लावून दिल्यास पकडले गेल्यावर हॉटेलवाला दंड भरून सुटतो, कुटुंबाला मात्र देश सोडण्याची नोटीस येऊ शकते. व्हिसाची आशा दिसत नसेल तर बारा महिन्यांनंतर काय, याचे उत्तर कुटुंबाला बोलावण्याआधीच समितीकडे असले पाहिजे. एक तर दुसऱ्या वर्षाचा निधी, नाही तर त्याच भाषेचे लोक जिथे आहेत अशा दिल्लीसारख्या शहरात परत जाण्याची त्यांच्या संमतीने आखलेली योजना.

कोणीतरी ‘कॅनडाला पाठवून देतो’ म्हणत येईल. जगातील निर्वासितांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांना दरवर्षी तिसऱ्या देशात पुनर्वसन मिळते, त्यासाठीची निवड यूएनएचसीआर करते आणि तिच्या कोणत्याही सेवेला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारा माणूस दलालच असतो. मिसिसागातील गोमंतकीय नातलगांच्या चर्चमार्फत खासगी प्रायोजकत्वाचा मार्ग कागदावर आहे, परंतु पाच प्रायोजक व्यक्तींच्या गटांकडून नवे अर्ज घेणे कॅनडाने 29 नोव्हेंबर 2024 पासून थांबवले, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवून योजना आखू नये.

मदत अचानक तोडू नये, आणि लांबवूही नये. मिळकत सुरू झाली असेल तर आठव्या महिन्यापासून किराण्याची रक्कम निम्मी करावी, दहाव्यापासून फक्त भाडे द्यावे आणि हे वेळापत्रक कुटुंबाला पहिल्याच आठवड्यात लेखी दिलेले असावे. अकराव्या महिन्यात भाडेकरार संपतो तेव्हा नव्या करारावर संस्थेचे नाव राहील की नाही हे घरमालकाशी आधीच बोलून ठेवावे. कागदांची मूळ फाइल कुटुंबाच्या हाती द्यावी, समितीकडे फक्त प्रती आणि हिशेबाची वही राहावी. आमच्या वहीत शेवटी 6,340 रुपये उरले. ते काय करायचे यावर एक तास वाद झाला, आणि अखेर त्याच घरातल्या थोरल्या मुलीच्या सायकलसाठी द्यायचे ठरले, कारण तिची माध्यमिक शाळा आता तीन किलोमीटर लांब पडणार होती.